एक्केचाळीस हप्ते

“मग मी फेडलं तरी कशासाठी, भंतेजी?”

यशपाल गजभियेनं हे उभ्या उभ्याच विचारलं. वंदन करायचंही त्याला सुचलं नव्हतं.

भंते सुमनतिस्स विहाराच्या ओट्यावर बसून चिवराची उसवलेली कड शिवत होते. वय सत्तरीच्या पुढचं, नजर अधू. सुईतून दोरा सारखा निसटत होता.

“बस,” ते म्हणाले.

“बसायला आलो नाही.”

“बरं.”

यशपालचा तुमसरला फोटो स्टुडिओ होता. एके काळी आपल्या कॅमेऱ्याशिवाय गावात लग्न लागत नसे, असं तो स्वतःच सांगे. अल्बम छापायचं मशीन त्यानं क्रेडिट कार्डांवर घेतलं. मग एक कार्ड भरायला दुसरं, दुसरं भरायला तिसरं. चार कार्डांचं मिळून कर्ज पावणेचार लाखांवर गेलं, तेव्हा तो नागपूरच्या एका कर्ज समुपदेशन केंद्रात गेला. केंद्रानं बँकांशी बोलून व्याज कमी करून घेतलं आणि चारही कर्जांचा एकच हप्ता बांधून दिला. पाच वर्षं, साठ हप्ते.

त्यातले एक्केचाळीस त्यानं भरले होते. एकही चुकवला नव्हता.

“मुद्दल पूर्ण देतोय,” यशपाल म्हणाला. “कोणाचा रुपया बुडवला नाही. आणि पतसंस्थेत कर्ज मागायला गेलो तर कारकून सांगतो, तुमची पत नाही!”

“असं म्हणाला?”

“सिबिल स्कोअर कमी आहे म्हणाला. तेच ते.”

“का कमी झाला?”

“केंद्रानं कार्डं बंद करायला लावली ना. एक तर चौदा वर्षांचं जुनं होतं, तेही गेलं. बँकांशी बोलणी चालली होती तेव्हा तीन महिने पैसे थकले, त्याची नोंद राहिली. सातशे साठवरून पाचशे नव्वदवर आलो. आता कुठं सहाशे अडुसष्ट झालाय... यांना सातशे पाहिजे.”

“म्हणजे वाढतोय.”

“मुंगीच्या पावलानं वाढतोय, भंतेजी! आणि मित्राची फी शुक्रवारी भरायची आहे.”

मित्रा म्हणजे संघमित्रा, त्याची एकुलती एक मुलगी. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता.

यशपाल आता खाली बसला. आवाज उतरला.

“बोरकर गुरुजी पतसंस्थेचे चेअरमन आहेत. ते तुमचं ऐकतात. तुमचा एक शब्द पुरे आहे जी.”

“माझा शब्द...” भंते म्हणाले आणि पुन्हा सुईत दोरा ओवू लागले.

थोड्या वेळानं बोरकर गुरुजी रोजच्यासारखे वंदनेला आले. वंदना झाल्यावर भंतेंनी त्यांना थांबवलं.

“गुरुजी, यानं एक्केचाळीस हप्ते वेळेवर भरलेत.”

“हो. ऐकून आहे.”

“एवढं मला माहीत आहे.”

यशपाल वाट पाहत राहिला. भंतेंनी पुन्हा सुई उचलली.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “भंतेजी, मित्रा माझ्या वर्गात होती. मला काय वाटत नसेल? पण मागं दोघांना शब्दावर कर्ज दिलं, अजून वसूल होतंय. ठेवी धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या आहेत...”

ते हात जोडून निघून गेले. जाताना त्यांनी यशपालकडे पाहिलं नाही.

“एवढंच?” यशपाल म्हणाला. “माणूस चांगला आहे, एवढं तरी म्हणायचं होतं!”

भंते टाके घालत राहिले.

“माझ्या मेहुण्यानं निम्मे पैसे देऊन बँकेशी तडजोड केली. निम्मे वाचवले त्यानं. त्याला कोणी कर्ज देत नाही, मलाही देत नाही. मग माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला? उद्या पाच तारीख आहे, हप्त्याची. नाही भरत जा मी!”

भंतेंनी दोरा दातानं तोडला.

“पिंडपाताची, भिक्षेला निघायची वेळ झाली,” ते म्हणाले. “चल.”

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट तिथं संपत नाही. मित्राचा प्रवेश त्या वर्षी हुकला. ती भंडाऱ्याला एका औषधांच्या दुकानात लागली, आणि बापाशी कामापुरतंच बोलू लागली. यशपाल उरलेले एकोणीसही हप्ते भरत राहिला. शेवटचा भरला तेव्हा स्कोअर सातशेच्या वर गेला होता. तोवर मित्रानं आपली पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली होती.

पण त्या सकाळी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. यशपाल रागातच भंतेंच्या मागून चालत होता.

पहिल्या घरी भात मिळाला. दुसऱ्या घरी वांग्याची भाजी. तिसऱ्या घरच्या बाईनं पोळी वाढली आणि वाकून वंदन केलं. यशपालच्या मनात आलं, यांचं बरं आहे. यांना कोणी स्कोअर विचारत नाही.

चौथं घर गल्लीच्या टोकाला होतं. दार लावलेलं, खिडकी उघडी. आत कोणीतरी भांडी घासत होतं.

भंते दारासमोर उभे राहिले. मान खाली, पात्र दोन्ही हातांत.

भांड्यांचा आवाज थांबला.

खिडकीत एक म्हातारी आली. तिनं भंतेंकडे पाहिलं... बराच वेळ पाहिलं. मग खिडकी लावून घेतली.

भंते आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग वळले.

“कोण ही बाई?” यशपालनं विचारलं. “भिक्षूच्या तोंडावर खिडकी लावते?”

“द्वारकाबाई.”

“रोज असंच करते?”

“अकरा वर्षं झाली.”

यशपाल थांबला. “काय वाकडं केलंय तुम्ही तिचं?”

“चीवर घेण्याआधी मी बिडी कारखान्यात मुकादम होतो,” भंते म्हणाले. “बाया आपली बचत माझ्याकडे ठेवायच्या. बत्तीस बाया. मी ते पैसे वापरले.”

यशपाल दोन पावलं मागं सरकला.

“हिचा नवरा दवाखान्यात होता. ही पैसे मागायला आली. मी म्हटलं, सोमवारी ये.”

“मग?”

“सोमवारी ती आली नाही. रविवारीच तो गेला.”

गल्लीतून एक सायकल गेली. भंते भिंतीकडे सरकून उभे राहिले, आणि ती गेल्यावरही तसेच राहिले.

“पैसे...?” यशपालनं हळूच विचारलं.

“फेडले. घर विकलं, मग नऊ वर्षं वखारीत लाकडं उचलली. बत्तीसही जणींचे. हिचेही. हिनं पैसे मोजून घेतले आणि दार लावलं.”

“आणि नंतर भिक्षू झालात?”

“त्याआधी होता येत नाही. उपसंपदेला, भिक्षूची दीक्षा देताना, संघ विचारतो, ऋणमुक्त आहेस का?”

“तुम्ही काय सांगितलं?”

“हो म्हटलं. खरंच होतं ते.”

यशपालनं मागं वळून पाहिलं. खिडकी बंदच होती. त्याचा राग कुठं गेला ते त्याला कळलं नाही, पण त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं. त्याला मित्राचा चेहरा आठवला. शुक्रवारबद्दल तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

“भंतेजी...” तो म्हणाला. “सगळं फेडलंत ना? पै न् पै?”

“हो.”

“मग आता बाकी काय राहिली?”

भंतेंनी पात्रावर झाकण ठेवलं. ते पाचव्या घराकडे चालू लागले होते. चालता चालताच म्हणाले,

“ते तिनं अजून सांगितलं नाही.”