दिवाणजींच्या पगडीवरची पन्हळ

"नवा दरबार तीन पावसाळ्यांत एकदाही दुरुस्त करावा लागला, तर तुझा कडेलोट!" कातळगडच्या रणधवल महाराजांनी धर्मा गवंड्याला हुकूम सोडला.

जुना दरबार दर पावसाळ्यात गळायचा. देखरेख दिवाण भानोजीपंतांकडे. ते म्हणायचे, "पाऊस सरू द्या, मग बघू." पाऊस सरला की विचारायचे, "आता कुठं गळतंय?" असा हुशार माणूस दुसऱ्या राज्यात शोधून सापडला नसता.

धर्माची लेक साळू पुढं झाली. "बाबा बांधतील, महाराज. पण कोण कुठं बसायचं ते मी ठरवणार, आणि जागा कुणी बदलायची नाही!"

"आता पोरी बांधकाम शिकवणार?" पंत खेकसले.

"छे हो पंत, बांधकाम बाबांचं. मी नुसत्या गाद्या मांडणार."

"मंजूर!" महाराज म्हणाले. गादी मऊ असली की बाकी कशाशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

दरबार उभा राहिला. ना घुमट, ना कळस. दोन उतरती छपरं आणि दोन्हींचं पाणी वाहून नेणारी मधोमध एक पन्हळ. शेजारी महाराजांचा लाडका पिंपळ. ढग दिसला की धर्मा साळूकडे धाव घ्यायचा.

"साळे, पानांनी पन्हळ तुंबली की मी मेलो गं!"

"तुंबू देतंय कोण, बाबा?"

तीन पावसाळे गेले. थेंब गळला नाही! महाराज जरा हिरमुसलेच. बऱ्याच दिवसांत कडेलोट झाला नव्हता.

"कसला चुना वापरला तुझ्या बापानं, पोरी?"

"नेहमीचाच, महाराज."

पंत ताडकन उठले. "लबाडी! चुना कसला, माझी कंबर गेलीय यात! गडी नीट काम करत नाहीत, म्हणून मी स्वतः शिडीवर चढून पानं काढतो!"

साळूनं हात जोडले. "खरं आहे. पण पंत, पन्हळ जुन्या दरबारालाही होती. तिथं कधी चढलात?"

पंत छताकडे बघू लागले.

"ती पहारेकऱ्यांच्या डोक्यावर होती, महाराज. ही पंतांच्या पगडीवर आहे. कौलं तीच, चुना तोच. पहिला थेंब कुणावर पडायचा, तेवढंच मी ठरवलं!"

"आणि पंतांनी तरीही दुर्लक्ष केलं असतं तर?"

"दुसरा थेंब सिंहासनावर, महाराज!"

महाराजांनी दचकून वर पाहिलं आणि मुकुट घसरेपर्यंत हसले. धर्माला गडाखालची बागायत मिळाली, साळूला राज्यातल्या साऱ्या इमारतींची देखरेख. पंतांनाही महाराज विसरले नाहीत. त्यांना नवी कोरी शिडी मिळाली!