निवडक मुलांची शाळा

डोंगरउतारावर चार वाड्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात एक कासारीण राहत होती. तिचं नाव यमुना. नवरा लवकर वारला, तेव्हापासून डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती वाडीवाडीने फिरायची आणि दोन मुलींना वाढवायची. थोरली सगुणा, धाकटी आवडी. सगुणा एकदा ऐकलेलं विसरायची नाही. आवडीला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागायची, आणि इतकं सांगूनही ती विचारायची, "पण ताई, असं का?"

गावात दहावीपर्यंतची एक शाळा होती. बसकी, कौलारू, पावसात गळणारी. पण तिथून कुणालाही परत पाठवत नसत. धनगराची पोरं मेंढरं रानात सोडून उशिरा यायची, त्यांना उशिरा बसवून घ्यायचे. सुताराच्या मुलाला काही केल्या वाचता येईना, तर म्हाताऱ्या गुरुजींनी त्याला आधी लाकूड मोजायला लावलं, मोजता मोजता आकडे शिकवले आणि आकड्यांच्या बोटाला धरून अक्षरांकडे नेलं. एका मुलीला कमी ऐकू यायचं. ती पहिल्या बाकावर बसायची, आणि सगळा वर्ग तिच्याकडे तोंड करून सावकाश बोलायला शिकला होता.

या शाळेचा आपल्याला काय उपयोग, याचा विचार गावाने कधी केला नव्हता. घरात दुखणं आलं की औषधाच्या बाटलीवरचं वाचायला शेजारचं पोर धावत यायचं. बाजारात लोकरीचं वजन करताना व्यापाऱ्याने काटा मारला, तर धनगराची मुलगी तिथल्या तिथे त्याची चूक दाखवायची. वरच्या वाडीतलं माणूस गेलं की खालची वाडी स्वयंपाक घेऊन पोचायची, कारण दोन्हीकडची पोरं एका बाकावर वाढलेली असायची. गावाला हे सगळं वाऱ्यापाण्यासारखं वाटायचं. आहेच, असणारच.

एके वर्षी शहरातून एक साहेब आले. मोठ्या शिक्षणसंस्थेचे ते चालक होते. त्यांनी शाळा पाहिली, भिंतींवरून हात फिरवला आणि चावडीवर लोकांना जमवून म्हणाले, "इथे दुमजली इमारत उभी करून देतो. प्रयोगशाळा, वाचनालय, खेळाचं मैदान, सगळं देतो. तुमच्या गावाचं नाव जिल्ह्यात गाजेल. अट एकच. दरवर्षी निवड परीक्षा होईल. जी मुलं त्या कसोटीला उतरतील तीच शाळेत राहतील."

"आणि जी उतरणार नाहीत ती?" गुरुजींनी विचारलं.

"त्यांच्यासाठी काहीतरी पाहू," साहेब म्हणाले. मग त्यांची नजर सगुणाकडे गेली. त्या वर्षी ती वर्गात पहिली आली होती. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ही कुणाची मुलगी? हिरा आहे हिरा. या गर्दीत वाया चाललाय."

मागे उभ्या असलेल्या यमुनेने ते ऐकलं. वाया चाललाय, हा शब्द तिच्या मनात रुतला तो रुतलाच. भाकरी थापताना तो आठवायचा, टोपली उचलताना आठवायचा. सगुणा आवडीला धडा समजावत बसलेली दिसली की तिला वाटायचं, माझी पोर पुढे धावायची, ती इथे मागे खेचली जातेय.

गावाचं काही ठरत नव्हतं. निम्मे हो म्हणायचे, निम्मे नको. एका संध्याकाळी गुरुजी स्वतः यमुनेच्या ओट्यावर येऊन बसले.

"यमुनाबाई, तुम्ही घरोघरी जाता. बाया तुमचं ऐकतात. एवढंच विचारायला आलोय. परीक्षा झाली तर आवडी कुठे बसेल?"

आवडी आतच होती, चुलीपाशी. पण यमुनेने आवाज काही खाली केला नाही.

"तिला मी टोपली देईन, गुरुजी. तिला शिकून कुठे जायचंय? एकीचं तरी सोनं होऊ दे."

गुरुजी उठले. "मी गहू निवडून दाखवीन, बाई. मुलं निवडणं मला जमणार नाही," एवढं बोलून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून यमुना कामाला लागली. बांगडी भरायची म्हणजे समोरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, चोळून मऊ करायचा, आणि तोवर बोलत राहायचं. यमुना प्रत्येकीला म्हणायची, "तुझं पोर तर सहज उतरेल गं. बाहेर राहतील ती शेजारची उनाड पोरं." सुतारणीला ती हेच म्हणाली. धनगरवाड्यावरच्या ठकूबाईलाही हेच म्हणाली. आणि गंमत अशी, की प्रत्येकीला ते पटलं. आपलं मूल बाहेर राहील असं एकीच्याही मनात आलं नाही. जिच्या तिच्या डोळ्यांपुढे शेजारणीचं मूल होतं.

चावडीवर पुन्हा बैठक भरली तेव्हा पुरुष होकार देऊनच उठले. घरोघरी ते आधीच ठरलेलं होतं. गुरुजींनी आपली वळकटी बांधली आणि ते लांबच्या गावी लेकीकडे राहायला गेले. निरोप द्यायला पोरं वेशीपर्यंत गेली. मोठी माणसं फारशी गेली नाहीत, त्यांना नव्या इमारतीचा पाया बघायचा होता.

इमारत खरंच देखणी झाली. लोखंडी फाटक लागलं, फाटकावर गावाचं नाव रंगवलं गेलं. मग परीक्षा झाली. चार वाड्यांतली मूठभर मुलं उतरली. सगुणा उतरली. सुताराचा मुलगा, ठकूबाईची दोन्ही पोरं, कमी ऐकणारी ती मुलगी आणि आवडी बाहेर राहिली.

त्यांच्यासाठी काय पाहिलं, हे साहेबांना कुणी विचारायला गेलंच नाही. ज्यांची मुलं उतरली होती त्यांना विचारायची गरज नव्हती, आणि ज्यांची बाहेर राहिली होती त्यांना लाज वाटत होती.

शाळा सुरू झाली त्या दिवशी आवडीने वेणी घातली, धुतलेला परकर नेसला आणि ती बहिणीबरोबर निघाली. फाटकाशी रखवालदाराने तिला अडवलं. ती बाजूला उभी राहिली. तिला वाटलं, नेहमीसारखं उशिरा बसवून घेतील. दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा रखवालदारच यमुनेकडे आला आणि म्हणाला, "बाई, तुमची पोर घेऊन जा. मला तिला हाकलवत नाही." यमुना गेली आणि हाताला धरून तिला घरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी आवडीच्या डोक्यावर टोपली होती.

काही वर्षं गेली. शहरातली मुलं येऊन शाळेच्या नव्या वसतिगृहात राहू लागली. ती शिकवण्या लावून आलेली, कपडे कडक इस्त्रीचे. जागा तेवढ्याच, मुलं वाढली, तशी परीक्षेची पातळीही चढत गेली. गावातली मूठभर मुलं होती, त्यातलीही एकेक गळायला लागली.

सगुणा रात्रंदिवस पाठ करत होती. पण पूर्वीसारखं डोक्यात काही टिकत नव्हतं. पूर्वी ती आवडीला समजावायची. आवडी "पण असं का?" म्हणून अडायची, आणि तिला उत्तर देता देता सगुणालाच ते नीट उमगायचं. आता विचारणारं कुणी नव्हतं. आवडी दिवसभर फिरून थकून यायची आणि जेवली की झोपून जायची. एकदा सगुणाने बाकावरच्या मुलीला गणित विचारलं. ती वहीवर हात ठेवून म्हणाली, "तुला सांगितलं तर माझी जागा जाईल."

त्या वर्षीच्या परीक्षेत सगुणा थोडक्यात राहिली.

यमुना तशीच साहेबांकडे धावली. "साहेब, ही तुमची सगुणा. तुम्ही हिला हिरा म्हणाला होतात."

साहेबांना आठवेना. त्यांनी तेव्हा कितीतरी गावांत कितीतरी मुलांच्या डोक्यांवर हात ठेवले होते. ते वाईट माणूस नव्हते, शांतपणे म्हणाले, "बाई, नियम सगळ्यांना सारखा. आणि तो तुमच्याच गावाने मान्य केलाय."

"मीच दारोदार फिरले होते, साहेब, त्यासाठी."

"मग तुम्हाला आणखी काय सांगणार?"

यमुना तिथून घरी गेली नाही. चालत चालत ती गुरुजींच्या लेकीच्या गावी पोचली. गुरुजी अंगणात बाजेवर बसले होते. डोळे अधू झाले होते. आवाजावरून त्यांनी ओळखलं. तिने झालेलं सगळं सांगितलं आणि त्यांचे पाय धरले.

"गुरुजी, परत चला. झाडाखाली शाळा भरवा. माझ्या दोघींना घ्या."

"तुमच्यावर राग नाही, यमुनाबाई," गुरुजी म्हणाले. "पण धनगरवाड्यातून पहिलं पोर शाळेत आणायला मी जवान होतो तेव्हा किती वर्षं गेली, तुम्हाला माहीत नाही. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचो. हसायचे मला. आता ना पाय राहिले, ना डोळे. कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून लोकांना गोळा करायला हवं. तुम्हीच का करत नाही?"

"मी? मला सही येत नाही, गुरुजी."

"शिकवायला कुणी मिळेल. शहराच्या संस्थेला नको असलेला एखादा मास्तर मिळेलच. पण आधी आईबाप तयार व्हायला हवेत. घरोघरी जाऊन बोलणं तर तुम्हाला येतं."

यमुनेला ते लागलं. पण खरं होतं, म्हणून ती उठली.

ती पहिल्यांदा धनगरवाड्यावर गेली. ठकूबाई लोकर पिंजत होती. यमुनेने टोपली उतरवली, तिचा हात हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली, की आपण आपली शाळा पुन्हा काढू, सगळ्यांची, कुणाला बाहेर न ठेवता.

ठकूबाईने हात काढून घेतला.

"कासारीणबाई, माझी पोरं उतरतील असं तूच म्हणाली होतीस ना? ह्याच ओसरीवर. हात चोळता चोळता."

"म्हणाले होते."

"मग त्यांच्यासाठी तेव्हा का नाही आलीस? तुझी सगुणा आत होती तोवर तुला आमचा रस्ता सापडला नाही. थोरला माझा आता दुसऱ्याची मेंढरं वळतो. नाव लिहायचा, ते पण विसरला. जा तू. बांगड्या पण नकोत मला."

सुतारणीने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. ज्या दोनतीन घरांतली मुलं अजून शाळेत होती, तिथे बायका हसून म्हणाल्या, "आमचं बरं चाललंय की. तुझी राहिली म्हणून का आता?" यमुनेने त्यांच्याकडे पाहिलं. आपणही असंच म्हणालो असतो, हे तिला कळत होतं, म्हणून तिने टोपली उचलली.

एकही घर तयार झालं नाही.

भरलेली टोपली घेऊन यमुना दिवस मावळता घरी आली. सगुणा भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. आवडी तिच्या उशाशी बसली होती. बांगड्यांच्या काचांनी तिची बोटं ठिकठिकाणी कापलेली होती.

"ताई," आवडी विचारत होती, "तुला पण फाटकातून आत घेत नाहीत आता?"

सगुणाने मान हलवली.

आवडीच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यात खिजवणं नव्हतं, तिला खिजवता यायचंच नाही. तिला खराच आनंद झाला होता.

"मग आता तू पण माझ्यासारखीच झालीस," ती म्हणाली आणि चटईवर थोडी सरकून तिने बहिणीला जागा करून दिली.

यमुना उंबऱ्यातच उभी राहिली. तिला आत पाऊल टाकता आलं नाही.

तात्पर्य असं, की सगळ्यांच्या मुलांना घेणारी शाळा मोडताना प्रत्येकाला वाटतं, बाहेर राहील ते शेजाऱ्याचं मूल. पण एकदा मुलं निवडायची ठरलं, की आपलं मूल त्यातून सुटत नाही. आणि तेव्हा हाक मारायला जावं, तर शेजारी दार उघडत नाही.