गजेंद्रराजांची शाबासकी

"एकही नाही? अख्ख्या हंगामात एकही सामना जिंकला नाहीत?" गजेंद्रराजे गरजले. समोर धवलगडचा बर्फावरचा हॉकीसंघ माना खाली घालून उभा होता.

थंडीत धवलगडचं तळं गोठलं, की हे गडी पायांत लोखंडी पात्यांचे बूट चढवत आणि हातात काठ्या घेऊन लाकडी चकतीमागे सुसाट सुटत. संघ काढला महाराजांच्या आजोबांनी. त्यांच्या काळात त्याने आसपासच्या सगळ्या राज्यांना लोळवलं होतं. यंदा मात्र ज्याने यावं त्याने टपली मारून जावं!

"उद्या सोनकड्याशी शेवटचा सामना," महाराज म्हणाले. "गडी हेच, काठ्या ह्याच, बर्फही हाच! काहीच बदलायचं नाही. हरलात तर संघ मोडला! आणि ह्या भिवाची अर्धी मिशी उतरवून गाढवावरून धिंड!"

भिवा म्हणजे गोल राखणारा, संघातला सर्वांत जुना गडी. त्याचा हात आपसूक मिशीकडे गेला. खांबाआड उभी असलेली त्याची लेक, सगुणा, हे सगळं ऐकत होती. तिला राग आला, कारण संघ का हरतो हे दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

त्याचं असं होतं. महाराजांनी शाबासकी दिली, की हातातलं काम टाकून तीनदा वाकून मुजरा करायचा, मग माणूस घरचा असो की परका, असा धवलगडचा रिवाज. आणि महाराज पडले हौशी! आपला गडी चकती घेऊन वीतभर पुढे सरकला, की ते ओरडत, "शाब्बास, धवलगड!" झालं! अख्खा संघ जागच्या जागी थांबून वाकायचा, भिवासुद्धा. तेवढ्यात पाहुणे गोल करून मोकळे. महाराज त्या वेळी डोळे मिटून, मिशीला पीळ देत मुजरा स्वीकारत असत. डोळे उघडले की विचारत, "गोल कसा झाला रे?"

सगुणा पुढे आली. "महाराज, आजोबामहाराज सामन्याला यायचे का हो?"

"म्हणजे काय! एकही चुकवला नाही. शाल पांघरून बसायचे आणि चकती पडायच्या आत घोरायला लागायचे. पण त्याचं आत्ता काय?"

"काही नाही, सहज विचारलं," सगुणा म्हणाली. दोन-तीन दरबाऱ्यांना एकदम खोकला आला.

"उद्या आपण जिंकू, महाराज," ती पुढे म्हणाली. "फक्त एक करा. बाहेर लोक म्हणतात, धवलगडचे राजे कौतुक करताना हात आखडता घेतात. शाबासकी काय ती घरच्यांना, पाहुण्याला एक नाही!"

"मी? आणि हात आखडता?" महाराज ताडकन उठले.

"म्हणून म्हणते, उद्या पाहुण्यांचंच कौतुक करा. घरचे काय, कुठे पळून जातायत?"

"असं कौतुक करतो, की सोनकडेकर जन्मभर विसरणार नाहीत!"

आणि खरंच, ते विसरले नाहीत.

सामना सुरू झाला. सोनकड्याचा नायक चकती घेऊन बाणासारखा निघाला. महाराज ओरडले, "शाब्बास, सोनकडेकर!" आता आली का पंचाईत! यजमान राजाला मुजरा केला नाही, तर उद्या सीमेवर फौजा उभ्या राहायच्या. बिचारे कचकन थांबले आणि वाकले. धवलगडच्या गड्यांनी चकती उचलली ती थेट गोलात!

पाहुणे चवताळून पुन्हा धावले. "वा, काय आवेश! शाब्बास!" पुन्हा मुजरा, पुन्हा गोल. शेवटी कंबरेवर हात ठेवून त्यांचा नायक कळवळला, "महाराज, थोडं कमी कौतुक करा हो!"

"काय हा विनय!" महाराज गहिवरले. "शाब्बास!"

धवलगड जिंकलं! भिवा बर्फावर लहान पोरासारखा लोळला. महाराजांनी सगुणाला जवळ बोलावलं.

"गडी हेच, काठ्या ह्याच! मग इतके दिवस आपल्याला हरवत कोण होतं? नाव सांग, बर्फ फोडून ह्याच तळ्यात बुचकळतो त्याला!"

"सांगते की! पण एक अडचण आहे, महाराज. इतके दिवस ज्याच्यामुळे हरलो, आज त्याच्यामुळेच जिंकलो. त्याला बुचकळायचं, की पालखीतून मिरवायचं?"

महाराजांनी क्षणभर दाढी खाजवली. "आज जिंकलो ना? मग सगळे गुन्हे माफ! पालखीतून मिरवा!"

"शब्द?"

"राजाचा शब्द!"

"मग पालखी मागवा, महाराज," सगुणा म्हणाली, "आणि बसा!"

महाराजांनी आ वासला. त्यांनी कंबर चोळणाऱ्या सोनकडेकरांकडे पाहिलं, मग भिवाकडे पाहिलं, आणि असे खो खो हसत सुटले, की पागोटं निसटून बर्फावर घरंगळत गेलं.

पालखी आली. तिच्यात महाराज बसले आणि शेजारी सगुणाला बसवलं. भिवाच्या मिशीला सोन्याची कंगवी मिळाली. आणि त्याच संध्याकाळी हुकूम सुटला: पुढच्या हंगामापासून सगुणाची खुर्ची महाराजांशेजारी, आणि शाबासकी कधी नि कुणाला द्यायची, हे तिने ठरवायचं!