रुंद टायरांचा थाट

घाटमाथ्यावर वसलेल्या एका गावात रंगनाथतात्या नावाचे हौशी गृहस्थ राहत होते. त्यांच्याकडे एक जुनी पांढरी मोटार होती. तिचं वय विचारलं की तात्या म्हणत, "माझ्या लग्नातही हीच होती."

गावची एक रीत होती. लग्नाला निघालेली नवरी याच मोटारीत बसायची. मोटार वेशीवरच्या मारुतीला एक प्रदक्षिणा घालायची आणि मग घाट उतरून नवरदेवाच्या गावी जायची. तात्या या कामाचं काही घेत नसत. मान मात्र त्यांना हवा असे, आणि तो त्यांना जिवापलीकडे प्यारा होता.

एके वर्षी गावातल्या सुधाकरने उंच, कोरी करकरीत गाडी आणली. येणारी-जाणारी तिच्या काचेत बघून केस नीट करू लागली. पुढच्या नवऱ्या आता हिच्यातच बसणार, असं तात्यांच्या मनाने घेतलं. त्यातच त्यांच्या मोटारीचे टायर पार गुळगुळीत झाले होते आणि पिराजीच्या वैजूचं लग्न तोंडावर आलं होतं.

तात्या टायर घ्यायला तालुक्याला गेले. शब्बीरभाईंच्या दुकानात त्यांच्या ऐपतीतले दोन प्रकारचे टायर होते. एक अगदी साधे, पण नवे आणि मोटारीच्या मापाचे. दुसरे कुठल्याशा मोठ्या गाडीवरून काढलेले, रुंद, काळेभोर, कडेला झोकदार पांढरी अक्षरं.

"तात्या, साधे घ्या," शब्बीरभाई म्हणाले. "ते रुंद तुमच्या रिंगवर बसतील. पण गाडीला मानवतील का, ते मी नाही सांगत."

तात्यांचे कान शब्बीरभाईंकडे होते आणि डोळे त्या पांढऱ्या अक्षरांवर. अशा वेळी माणूस कुणाचं ऐकतो, ते सांगायला नको. रुंद टायर बसले, जुने दुकानातच राहिले. तात्यांनी रिकामी मोटार पेठेतून फिरवून पाहिली. ती लोण्यासारखी चालली.

गावात मोटार शिरताच लोक ओट्यांवरून उठून बघायला आले. तात्यांच्या पत्नी इंदूकाकू दारातूनच म्हणाल्या, "अहो, धाकट्याने थोरल्याचे बूट घातल्यासारखं दिसतंय हे."

"तुला त्यातलं काय कळतं!" तात्या म्हणाले. हे वाक्य नवरे फार पूर्वीपासून म्हणत आलेत आणि त्यानंतर पस्तावतही आलेत.

लग्नाचा दिवस उजाडला. मोटारीत वैजू बसली, दोन करवल्या बसल्या, अंगाने चांगली भरलेली आत्या बसली. डिकीत रुखवताचे लाडू, अनारसे आणि करंज्यांचे डबे गेले. मोटार मागून खाली दबली. बँड सुरू झाला. तात्यांनी ऐटीत मारुतीच्या वळणावर चाक फिरवलं, आणि खालून घर्रर्र असा आवाज आला.

"अगं बाई, कुणाचा पापड जळतोय का?" आत्याने नाक फेंदारलं.

तो पापड नव्हता, रबर होतं. तात्या उतरले, वाकून बघितलं. भाराने दबलेली मोटार वळताना तिचे रुंद टायर आतल्या पत्र्याला घासत होते. एका टायरची कड सोलून निघाली होती. पुढे तर सगळा घाट, वळणामागून वळण.

"काय झालं, तात्या?" पिराजी धावत आला. "मुहूर्त गाठायचाय बरं का!"

'काही नाही' हे शब्द तात्यांच्या ओठांवर आले होते. बँडच्या दणक्यात तो आवाज दुसऱ्या कुणीच ऐकला नव्हता. मागे सुधाकरची गाडी उभी होती, सगळं गाव बघत होतं, आणि आज थांबलं की मान कायमचा गेला, हे तात्यांना दिसत होतं. त्यांनी आत पाहिलं. मुंडावळ्या सावरत वैजू करवल्यांशी हसत होती. मोटारीत आपण आहोत म्हणजे नीट पोचणारच, याची तिला खात्री होती.

तात्यांनी इंजिन बंद केलं. मोठ्याने म्हणाले, "पिराजी, चूक माझी आहे. शोभेपायी मी भलत्याच मापाचे टायर घातले. ही मोटार घाटात न्यायची नाही. पोरीला सुधाकरच्या गाडीत बसवा."

बँड थांबला. वैजू खाली उतरली आणि तात्यांचा हात धरून म्हणाली, "मोटार राहू द्या. पण तुम्ही नाही आलात, तर मी बोहल्यावर उभी राहायची नाही!"

मग काय! बँड दुप्पट जोराने वाजू लागला. सुधाकरच्या गाडीत पुढच्या सीटवर मांडीवर लाडवांचा डबा घेऊन तात्या बसले. लग्न वेळेवर लागलं आणि तात्यांनी जिलेबीवर मनसोक्त हात मारला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मुकाट्याने साधे टायर बसवून घेतले. मान गेला, पण पोर सुखरूप पोचली, या समाधानात ते दिवस काढू लागले.

एका सकाळी सुधाकर पेढे घेऊन दारात आला. "तात्या, ताईचं लग्न ठरलं. मोटार तुमची पाहिजे."

"अरे, घरात एवढी नवी गाडी असताना?"

"गाडी चांगलीच आहे माझी. पण त्या दिवशी तुमच्या जागी मी असतो, तर सगळ्या गावासमोर थांबलो असतो का, ते मलाच माहीत नाही. माझी बहीण तुमच्याच मोटारीतून जाणार."

तात्यांनी पेढा तोंडात टाकला आणि डोळे पुसत पुसत मनापासून हसले.

तात्पर्य: वस्तू निवडताना थाट पाहू नये, आपल्या गरजेचं माप पाहावं, आणि निवड चुकलीच, तर मानाची पर्वा न करता जो वेळेवर थांबतो, त्याच्यावरच लोक आपली माणसं सोपवतात.