आठ सोमवारांचा बैल

"माझे सात बैल कुठे आहेत?" सोमगडचा राजा हंबीरसेन गरजला. समोर बैल मागायला आलेला आंबेडोहचा शेतकरी बहिरू हात जोडून उभा होता.

"बैल? म्हाराज, आमच्या गावात सरकारी बैलाचं शेणसुदिक पडलं न्हाई!"

झालं! राजाचा पारा चढला. ज्याच्याकडे बैल नाही त्याला सरकारातून बैल, ही योजना राजाने स्वतः काढली होती, आणि पहिला मान आंबेडोहला दिला होता. दर सोमवारी वाड्यासमोरून एक बैल वाजतगाजत निघायचा. राजा सज्जातून फुलं उधळायचा. बैल आंबेडोहच्या वाटेला लागायचा. पुढे त्याचं काय होतं, हे राजाने कधी विचारलं नाही. राजेलोकांना वरात निघालेली पाहायची हौस असते, पोचलेली नाही.

राजधानीत तर या बैलांवर रोज पारावर चर्चा झडे. "आमच्या जकातीवर शेतकरी चैन करतात!" असं जो तो म्हणे. ज्यांनी जन्मात कासरा धरला नव्हता, त्यांची मतं सगळ्यांत ठाम होती.

बैलखात्याचे कारभारी गुणाजीराव पुढे झाले. "महाराज, विकून खाल्ले असतील यांनी बैल! या लोकांना कितीही द्या, रड चालूच!"

"बहिरू," राजा म्हणाला, "येत्या सोमवारी सातही बैल मला दाखवायचे. नाहीतर माझ्या बागेत नांगराला तुलाच जुंपतो!"

शिपायांनी बहिरूला नेऊन पागेत कोंडलं. न मिळालेले बैल बिचारा आणणार कुठून? पण तिसऱ्या दिवशी त्याची मुलगी म्हाळसा दरबारात हजर झाली.

"म्हाराज, बैल मी दावते. पर हरवलेलं जनावर हुडकायचं तर खूण पायजे. कसे व्हते ते?"

राजाला आपल्या स्मरणशक्तीचा भारी अभिमान. तो खुलला. "सातही पांढरेशुभ्र! शिंगं मात्र निरनिराळी. पहिल्याची लाल, दुसऱ्याची हिरवी, मग पिवळी, निळी, केशरी, जांभळी, आणि सातव्याची गुलाबी!"

"आन् अंगावर? कुठं ठिपका, कुठं भोवरा?"

"बैलाचं अंग कोण बघत बसतो?" राजा म्हणाला. "एवढी सुंदर शिंगं समोर असताना!"

म्हाळसा गालातल्या गालात हसली. तेवढ्यात धान्याचे व्यापारी उद्धवशेट बोललेच, "पोरी, फुकटचं पचलं, आता खुणा कसल्या विचारतेस?"

"शेटजी, ज्वारी आम्ही पिकवतो आन् भाव तुमी ठरवता. तुमी म्हणाल त्या भावात आम्ही पोती रिकामी करतो. मग फुकटचं कोण खातंय?"

दरबारात दोघंतिघं खोकले. शेटजी पगडी सारखी करू लागले.

सोमवार उजाडला. ताशे कडाडले. आठवा बैल निघाला, पांढराशुभ्र, आणि शिंगं सोनेरी! पुढे गुणाजीराव मिरवत होते. सज्जात राजा फुलांची परडी घेऊन उभा होता. इतक्यात म्हाळसा विळा घेऊन बैलासमोर आडवी आली.

"थांबा! या बैलाची शिंगं साळायची राह्यली!"

"पाहिलंत महाराज?" गुणाजीराव किंचाळले. "शुभकार्यात विळा घेऊन आली ही! हाकला हिला!"

"म्हाराज, पोळ्याला आम्ही आधी शिंगं साळतो, जुना रंग खरवडून काढतो, मगच नवा लावतो. न्हाईतर शिंगाला भार हुतो. ज्याच्या दावणीला कधी बैल न्हवता, त्योच रंगावर रंग थापतो. साळू का?"

गुणाजीरावांचा चेहरा उतरला, आणि नेमका तोच राजाला दिसला. "साळ!" राजा म्हणाला.

म्हाळसाने बैलाची पाठ थोपटली आणि विळा फिरवला. सोनेरी रंगाचे पापुद्रे खाली पडले. आत गुलाबी!

"ह्यो घ्या सातवा बैल!" म्हाळसा ओरडली.

पुन्हा विळा फिरला. आत जांभळं!

"ह्यो सहावा!"

मग केशरी निघालं, मग निळं. आता लोकच ओरडू लागले, "पिवळा! हिरवा!" राजा सज्जातून अर्धा बाहेर वाकला होता. "लाल!" तो स्वतःच ओरडला, आणि लालच निघाला. त्याखाली मात्र साधं काळंभोर शिंग होतं. बैलाने हलक्या झालेल्या डोक्याने मान झटकली.

"मोजा म्हाराज! आठवा पुढ्यात उभा हाय, बाकीचे सात त्याच्या पायापाशी पडलेत. कोपऱ्यापातुर आंबेडोहची वाट, कोपऱ्यावरनं कारभाऱ्यांचा गोठा!"

राजाने गुणाजीरावांकडे पाहिलं. गुणाजीराव चाचरत म्हणाले, "महाराज... रंग मात्र सरकारीच वापरला हो!"

राजाच्या पोटातून हसू फुटलं. "अरे, सात वेळा मी याच बैलावर फुलं उधळली, आणि एकदाही त्याचं तोंड पाहिलं नाही!" त्याने लगेच बहिरूला सोडायला सांगितलं. बाप येऊन लेकीला बिलगला.

"माग पोरी, काय हवं ते माग!"

"ह्योच बैल द्या. आन् म्होरले बैल वाड्याम्होरनं नेऊ नगा, सरळ गावात धाडा. फुलं आम्ही उधळू की!"

"दिलं!" राजा म्हणाला. "आणि गुणाजीरावांना जुंपा माझ्या बागेत!"

"जुंपा, म्हाराज," म्हाळसा कासरा हातात घेत म्हणाली, "पर त्यास्नी रंगवू नगा. न्हाईतर आठ सोमवारांत एकाचे आठ कारभारी व्हतील!"

राजा इतका हसला की हातातली परडी सुटली आणि सगळी फुलं खाली उभ्या असलेल्या म्हाळसाच्या डोक्यावर पडली.