सव्वा हाताची माळ

चिंचगडच्या शाळेत पाढे चालू असताना कौल फोडून बंदुकीची गोळी आत आली आणि पाण्याचा माठ फुटला. पोरं भिजली, पंतोजी फळ्यामागे लपले. नशीब एवढंच, की कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या दिवशी गावात तीन घरी आनंद होता. एकाकडे बारसं, एकाकडे साखरपुडा आणि खुद्द राजवाड्यात युवराजांचा वाढदिवस. आनंद झाला की आकाशात बार काढायचे, ही चिंचगडकरांची जुनी खोड. वर गेलेली गोळी खाली कुठे येते, याची चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

भानजीराजे संतापले. शाळेच्या गल्लीवर दोन पहारेकरी बसवायचे, तिथे बंदूक फिरकू द्यायची नाही आणि पहारेकऱ्यांचा पगार बंदुका बाळगणाऱ्यांनीच भरायचा, असा हुकूम निघाला. बंदुकीमागे वर्षाला पाच रुपये! सरदार कोंडाजीरावांना हे मुळीच पटलं नाही. आम्ही बंदुका बाळगतो त्या गावाच्या रक्षणासाठी, मग राखणदारावरच कर कसा, असं त्यांनी मिशीवर हात ठेवून विचारलं. निम्म्या दरबारानं माना डोलावल्या.

राजे ऐकेनात. कारकून घरोघर गेला आणि संध्याकाळी रिकामी वही घेऊन परतला. अख्ख्या चिंचगडात एकही बंदूक नव्हती! कोंडाजीरावांकडे तर म्हणे सुरीसुद्धा भाजी चिरण्यापुरतीच होती.

आता सरदारांनी शब्द दिलेला, त्यांच्या घरात शिरायचं तर त्यांची अब्रू जाते. राजांचा राग निघाला तो भलत्यावरच.

"खजिन्यातून मी दमडी देणार नाही," ते म्हणाले. "दसऱ्यापर्यंत पगाराची सोय झाली नाही, तर शाळेला कुलूप. कुणाच्या घराची झडती घ्यायची नाही, बंदूक आहे का म्हणून विचारायचं नाही आणि कुणाला खोटारडा म्हणायचं नाही. जमेल त्यानं करून दाखवावं."

जमणार कुणाला? दिवाणजींनी हात टेकले, पंतोजी फळा पुसून सामान बांधायला लागले.

शाळेत गोजरा माळिणीची यमू शिकत होती. गोजराच्या सात पिढ्यांत अक्षर ओळखणारं हे पहिलंच माणूस. रोज संध्याकाळी यमू अंगणात कोळशानं धडा लिहायची आणि गोजरा फुलं ओवता ओवता तो नुसता बघत बसायची. पोरीची जोडाक्षरं अजून राहिली होती. ती राहूनच जाणार, या विचारानं गोजराला जेवण जाईना.

मग तिनं डोकं चालवलं आणि राजवाड्यात निरोप धाडला: पगाराचं मी बघते, कुलूप तेवढं थांबवा. राजे हसले आणि कुलूप थांबलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर शस्त्रांची पूजा. देवीच्या पायाला लावलेली झेंडूची माळ घातल्याशिवाय ती पूजा पुरी होत नाही आणि बिनपूजेचं शस्त्र वर्षाच्या आत मालकावरच उलटतं, असं चिंचगडचं पक्कं म्हणणं. त्या माळा करायचा मान गोजराच्या सासरचा.

भल्या पहाटे तिच्या दारात गडीमाणसं येऊन उभी राहिली. जो तो डोक्यावरून घोंगडी घेतलेला, जो तो घाईत. गोजरानं भाव सांगितला तशी सगळ्यांची तोंडं उतरली. पण धन्याला विचारून जो तो परत आला आणि मुकाट्यानं माळा घेऊन गेला.

दसऱ्याच्या दरबारात कोंडाजीरावांना मात्र राहवलं नाही.

"महाराज, ती माळीण गाव लुटते आहे! एका माळेला पाच रुपये!"

राजांनी गोजराला बोलावून घेतलं. ती पदर सावरत आली, हातात जड गाठोडं होतं.

"काय गं, झेंडू एवढा महागला?"

"नाही सरकार. दाराचं तोरण पैशालाच आहे, देवाचा हार दोन पैशांना. कोयत्या-विळ्याची माळ तर फुकट दिली. पाच रुपये फक्त सव्वा हाताच्या माळेला. नळीवर अडकवायला वर फास असतो बघा, तिला. रावसाहेबांनी तसल्या सतरा नेल्या. कशाला घातल्या ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही असा सरकारचाच हुकूम आहे."

दरबारात कुणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. कोंडाजीरावांच्या मिशा एकदम खाली आल्या.

"म्हशींच्या... म्हशींच्या शिंगांना घातल्या, महाराज."

"सतरा?" राजे म्हणाले. "म्हणजे एक म्हैस एकशिंगी आहे म्हणायची!"

दरबार खो खो हसला. त्या गलक्यात गोजरानं गाठोडं राजांपुढे ठेवलं. दोन पहारेकऱ्यांचा वर्षाचा पगार त्यात होता आणि वर नव्या माठापुरते पैसेही होते.

तेवढ्यात दिवाणजी पुढे झाले आणि राजांच्या कानाशी लागले. राजांच्या कपाळाला आठी पडली.

"गोजरे, आमच्या शस्त्रागाराला चाळीस माळा आल्या. त्यांचेही दोनशे रुपये घेतलेस? कर बसवणाऱ्याकडूनच कर?"

गोजरानं हात जोडले.

"सरकार, गोळी कौलातून आत आली तेव्हा कुणाच्या घरची ते तिनं कुठं सांगितलं?"

युवराजांच्या वाढदिवसाला आपण स्वतः किती बार काढले, ते राजांना आठवलं. मग ते जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पहारेकरी त्याच दुपारी शाळेच्या गल्लीवर उभे राहिले. सव्वा हाताच्या माळेचा भाव कायमचा पाच रुपये ठरला. गोजराला नदीकाठचा विहिरीचा मळा इनाम मिळाला, आणि त्याची सनद भर दरबारात वाचायला राजांनी यमूलाच उभी केली. पोर जोडाक्षरांवर चारदा अडली. राजे थांबले, म्हणून कोंडाजीरावांनाही उभं राहून ती संपेपर्यंत ऐकावी लागली.