उघाडीचा दोर

"होय की नाही, बाबा? एवढं एकच सांगा."

डॉक्टर हेरंब साठ्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा रतनगीर बाबा खारबांधावर बसून पायाचा चिखल काडीनं खरवडत होते. काडी थांबली नाही.

बाबा म्हणजे बांधावरच्या मठीतले गोसावी. गावाची उघाडी तेच सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटात बसवलेलं लाकडी झापड. शेतात साठलेलं पाणी खाडीत सोडायचं आणि खाडीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. गाव बाबांच्या शब्दाबाहेर नव्हतं, म्हणून डॉक्टर त्यांच्या पायाशी आले होते.

डॉक्टरांनी नऊ वर्षं खपून भाताच्या जनुकात एक बारीकसा बदल केला होता. त्यामुळे ते भात खाऱ्या पाण्यात चार-चार दिवस तग धरायचं. यंदाच्या उधाणात या गावाची साठ एकर शेती करपली होती, ती समोरच दिसत होती. दिल्लीची परवानगी हातात होती. अट एकच, दिवाळीच्या आत गावाचा ठराव हवा. नाहीतर परवानगी बाद, आणि नऊ वर्षांची मेहनत मातीत.

आणि गाव काही बोलत नव्हतं.

तसं एकदा बोललं होतं. ग्रामसभेत डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली, सह्याशिक्के दाखवले, परवानगी मिळालेलीच आहे असं ठणकावून सांगितलं. तेव्हा मागच्या रांगेतून बामाबाई ठाकूर उठल्या. राता नावाच्या लाल भाताचं जुनं बियाणं पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवणारं त्यांचं घर.

"फुलोरा आला की वारा कोनाला इचारून वाहतो?" त्या म्हणाल्या. "माझ्या रात्यात तुझं भात शिरलं, तर ते कोन काढनार?"

डॉक्टर हसले. माणूस वाईट नव्हता, पण कुठे हसू नये हे हुशार माणसाला जरा उशिराच कळतं. सभा उठली ती उठलीच.

"लोकांना समजत नाही, बाबा," डॉक्टर आता म्हणत होते. "त्यांच्याच भल्याचं आहे. तुम्ही एक शब्द टाका."

बाबांनी काडी ठेवली. झापडाच्या कडीला बांधलेला काथ्याचा दोर बांधावर पडला होता. त्याच्याकडे बोट करून ते म्हणाले,

"उघड."

खाडीला भरती होती. डॉक्टरांनी बाह्या सारल्या, दोर हाताला गुंडाळला आणि जीव खाऊन ओढला. तळहात सोलवटले. झापड तसूभर हललं नाही. बाहेरून अख्खी खाडी त्याला रेटून उभी होती.

"दहा माणसं लावली तर उघडेल," डॉक्टर धापा टाकत म्हणाले.

"उघडेल की. मग आत काय येईल?"

...

डॉक्टरांनी दोर खाली टाकला. बाबांनी शेजारची जागा हातानं झाडली, तसे ते बसले. एक तास गेला, दुसरा गेला. डॉक्टर घड्याळ बघत होते, बाबा पाणी बघत होते. खाडी हळूहळू उतरली, आणि शेतात तुंबलेलं पाणी तिच्याहून उंच झालं. मग कोणी हात न लावता झापड कुरकुरत बाहेर ढकललं गेलं आणि पाणी खळाळत निघालं.

"कोणी उघडलं?" बाबांनी विचारलं.

डॉक्टरांनी आपल्या सोलवटलेल्या तळहातांकडे पाहिलं. बाबा नुसते शेताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर एकही कागद न घेता बामाबाईंच्या पडवीत जाऊन बसले. त्या दिवशीच्या हसण्याची त्यांनी माफी मागितली. बामाबाईंनी चहा दिला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

नऊ वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. गंमत म्हणजे त्यानंतरच गाव बोलायला लागलं.

मग ती पडवी रोज भरू लागली. नवं भात रात्यापासून लांब, बांधालगतच्या खोलगट कोपऱ्यात लावायचं ठरलं. दोन्हींचा फुलोरा एका वेळी येऊ नये म्हणून पेरणी मागेपुढे करायची, बियाणं गावाकडेच राहायचं. आणि बामाबाई नि आणखी चार बायका "कापा" म्हणाल्या, तर फुलोऱ्याआधी कापून टाकायचं, दिल्लीला विचारत बसायचं नाही. हे शेवटचं कलम वाचून डॉक्टरांचे वरिष्ठ भडकले. डॉक्टरांनी ते खोडलं नाही. दिवाळीला चार दिवस असताना ठराव एकमतानं झाला. पहिली सही बामाबाईंची.

पुढच्या भादव्यात उधाणानं बांध फोडला. गावानं घमेल्यांनी चिखल टाकून तो बुजवला, पण खारं पाणी चार दिवस शेतात राहिलं. बाकीचं भात पिवळं पडून झोपलं. तो कोपरा हिरवागार उभा राहिला. बामाबाईंचा राताही उभा होता म्हणा, तो पहिल्यापासूनच चिवट. पण दाणे मोजके. कोपऱ्यातल्या भाताला लोंब्यांचा भार सोसवत नव्हता. बामाबाई रोज जाऊन बघायच्या. "कापा" म्हणाल्या त्या थेट काढणीलाच.

काढणीला ढोल वाजले. डॉक्टर लोंब्यांची पेंढी डोक्यावर घेऊन बांधावरून पळत आले आणि ती त्यांनी बाबांपुढे ठेवली. त्यांना आनंदानं रडू येत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"जिंकलो, बाबा. आता किनाऱ्यावरच्या बत्तीस गावांसाठी एकच हुकूम निघतोय. सिद्ध झालंय, मग पुन्हा कोणाला कशाला विचारायचं?"

...

तेवढ्यात बांधावरून माणसं येताना दिसली. खाडीपलीकडच्या गावची दहा-बारा जणं, पुढे बायका. डॉक्टर लगबगीनं उठले, पिशवीतून हुकुमाचा मसुदा काढला. पण ती माणसं त्यांच्याकडे वळलीच नाहीत. सरळ खळ्यावर जाऊन बामाबाईंजवळ बसली आणि तुम्ही काय काय अटी घातल्या ते आम्हाला सांगा, असं म्हणू लागली. बामाबाईंनी पदराला हात पुसले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

डॉक्टर मसुदा घेऊन तिकडे निघाले. बाबांनी त्यांचा सदरा धरला. खाली उघाडी कुरकुरली.

"बस," बाबा म्हणाले. "दोराला हात लावू नकोस."